अपग्रेडनंतर साउंडबॉक्स मूक का होतो: पॅकेट कोअरमधील वारंवार परतणाऱ्या दोषाचे निवारण

पॅकेट कोअर म्हणजे मोबाइल नेटवर्कचा डेटा हाताळणारा गाभा. त्याच्या युजर प्लेन नोडवर, म्हणजे ग्राहकांचा डेटा प्रत्यक्ष वाहून नेणाऱ्या यंत्रणेवर, नवे सॉफ्टवेअर चढवले की दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सिमकार्डावर चालणाऱ्या साउंडबॉक्सबद्दल तक्रारी येऊ लागतात. पैसे खात्यात जमा होतात, ग्राहकाच्या मोबाइलवर हिरवी खूण दिसते, पण दुकानदाराची पेटी गप्प राहते आणि काही मिनिटांनी साचलेल्या साऱ्या रकमा एकापाठोपाठ एक बोलून टाकते. नोडवर एकही अलार्म नसतो, सेशनची, म्हणजे उघडलेल्या डेटा-जोडण्यांची, संख्या नेहमीइतकीच असते आणि एकूण डेटा वाहतुकीच्या आलेखावर ओरखडाही दिसत नाही. नागपुरात आमच्या चमूसमोर हा दोष दीड वर्षात तीन वेळा आला. पहिल्या दोन्ही वेळी आम्ही तो दुरुस्त झाला असे समजून तक्रार बंद केली होती. तिसऱ्या वेळी त्याच्या मुळाशी जाता आले. त्या शोधाची पद्धत येथे सविस्तर मांडत आहे, कारण वेगवेगळ्या पुरवठादारांचे नोड सांभाळणाऱ्या इतर अभियंत्यांनाही याच क्रमाने जावे लागेल असे मला वाटते.

पहिली उपयुक्त माहिती आम्हाला कोणत्याही लॉगमधून मिळाली नाही. कळमना बाजारातल्या संत्र्याच्या एका अडत्याने ती दिली. आंबिया बहाराची आवक सुरू होती आणि लिलाव पहाटेच सुरू होत असे. तो म्हणाला, "भाऊ, बोहनीचे पैसे तर आले, पण पेटी बोललीच नाही. मंग थोड्या वेळानं दोन्ही रकमा एकदमच बोलून राहिली. दुपारी गर्दीत मात्र बरोबर बोलते." या तीन वाक्यांत निदानाला लागणारे जवळजवळ सर्व काही होते: दोष शांत वेळेनंतर दिसतो, गर्दीत दिसत नाही, आणि संदेश हरवत नाही, तो अडून राहतो. आम्ही मात्र पहिल्या वेळी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. इतवारी आणि गांधीबागेच्या दाट वस्तीत सिग्नल क्षीण असतो हे ठाऊक असल्यामुळे आमचा पहिला संशय रेडिओवर गेला आणि त्यात दोन दिवस वाया गेले.

उशीर मोजल्याशिवाय नोडला हात लावू नये

माझा पहिला आग्रह हाच आहे. पैसे जमा झाल्याची वेळ आणि पेटी बोलल्याची वेळ यांतील अंतर किमान वीस प्रसंगांसाठी लिहून काढावे, आणि प्रत्येक प्रसंगापूर्वी पेटी किती मिनिटे शांत होती तेही शेजारी लिहावे. आम्ही तिसऱ्या वेळी हे केले तेव्हा नोंदी दोन ढिगांत अगदी स्वच्छ विभागल्या गेल्या. एका ढिगात उशीर तीन ते पाच सेकंदांचा होता. दुसऱ्या ढिगात तो काही सेकंदांपासून सुमारे पाच मिनिटांपर्यंत पसरलेला होता, पण पाच मिनिटांच्या पलीकडे जवळजवळ कधीच जात नव्हता. हे दोन वेगळे दोष होते आणि ते एकाच अपग्रेडसोबत आले होते. आधीच्या दोन्ही खेपांना आम्ही त्यांना एकच समजत होतो, म्हणून एकाची दुरुस्ती केली की दुसऱ्याच्या तक्रारी पाहून ती दुरुस्ती फसली असे वाटत असे.

उशिराच्या लांबीवरून शोधाची दिशा ठरते. एक-दोन सेकंदांचा अनियमित उशीर हा पेजिंगचा, म्हणजे झोपलेल्या उपकरणाला नेटवर्कने हाक मारून जागे करण्याचा, स्वाभाविक भाग असतो. तो दूर करता येत नाही आणि त्याच्या मागे लागू नये. प्रत्येक वेळी ठरावीक सेकंदांनी वाढलेला उशीर कुठेतरी कोणीतरी लिहून ठेवलेल्या मूल्याकडे बोट दाखवतो, कारण हवेतून येणारा विलंब इतका नेमका कधीच नसतो. मिनिटांचा उशीर असेल तर पॅकेट अडवणारी कोणती तरी अवस्था मध्ये मरण पावली आहे आणि उपकरणाने स्वतःहून काही पाठवल्यावरच ती पुन्हा जिवंत होते, असे मानावे. आणि पेटी पुन्हा चालू करेपर्यंत ती कधीच बोलत नसेल, तर तो दोष या लेखाच्या कक्षेबाहेरचा, सेशनच्या नोंदी दोन नोडमध्ये जुळत नसल्याचा आहे. तेथे नोडांमधून डेटा वाहून नेणाऱ्या जीटीपी-यू या पद्धतीचे एरर इंडिकेशन, म्हणजे संदेश-प्रकार २६, शोधावे.

आमच्या चाचण्यांत दोष सापडत नव्हता याचे कारणही येथेच सांगितले पाहिजे. परसोडीच्या आयटी पार्कमधील आमच्या कार्यालयात सहकारी एक-एक रुपया पाठवून पेटी तपासत आणि प्रत्येक वेळी ती बोलत असे. चाचणी करणारा माणूस दर मिनिटाला पैसे पाठवतो, त्यामुळे जोडणी सतत जागी राहते आणि जो दोष केवळ शांततेत जन्म घेतो त्याला जन्मायला अवकाशच मिळत नाही. पेटी सात-आठ मिनिटे पूर्णपणे स्वस्थ ठेवून मग रुपया पाठवला, तेव्हा दोष कार्यालयातही दिसला.

पॅकेटचा मार्ग

पेटी पेमेंट सर्व्हरशी एक टीसीपी जोडणी (पोच न मिळाल्यास पॅकेट पुन्हा पाठवणारी) उघडून ठेवते आणि ती टिकवण्यासाठी ठरावीक काळाने छोटासा कीप-अलाइव्ह संदेश पाठवते. आमच्याकडील पेट्या एमक्यूटीटी ही छोट्या संदेशांची पद्धत वापरत होत्या, त्यांचे पोर्ट ८८८३ होते आणि कीप-अलाइव्हचा काळ १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद होता. पेटी शांत झाली की बेस स्टेशन सेकंदांच्या हिशेबातच तिचा रेडिओ दुवा सोडते आणि ती आयडल, म्हणजे निष्क्रिय, अवस्थेत जाते. कोअरमधील सेशन मात्र तसेच राहते.

आता सर्व्हरकडून पैशाचा संदेश आला की तो प्रथम नॅटमधून, म्हणजे प्रत्येक जोडणीची नोंद ठेवून अनेक उपकरणांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणाऱ्या यंत्रणेतून, जातो, मग पीजीडब्ल्यू (कोअरचे इंटरनेटकडचे दार) आणि एसजीडब्ल्यू (रेडिओकडचे दार) यांच्या युजर प्लेनकडे पोचतो. तेथे रेडिओकडे जाणारा बोगदा, म्हणजे या पेटीच्या डेटासाठीचा मार्ग, बंद असल्याचे दिसते, म्हणून पॅकेट बफरमध्ये ठेवले जाते आणि युजर प्लेन कंट्रोल प्लेनला, म्हणजे जोडण्यांचे निर्णय घेणाऱ्या भागाला, पीएफसीपीचा सेशन रिपोर्ट, म्हणजे संदेश-प्रकार ५६, पाठवते. कंट्रोल प्लेन एमएमईला, म्हणजे उपकरण कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या नोडला, डाउनलिंक डेटा नोटिफिकेशन (उपकरणासाठी डेटा आल्याची सूचना) देते, तो जीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीतील संदेश-प्रकार १७६ असतो. एमएमई पेजिंग करते, पेटी सर्व्हिस रिक्वेस्टने उत्तर देते, बोगदा पुन्हा जोडला जातो आणि बफरमधले पॅकेट पुढे जाते. कंट्रोल प्लेन आणि युजर प्लेन यांची ही फारकत मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १४ पासून प्रमाणित झाली आणि त्या दोहोंमधली भाषा, म्हणजे पीएफसीपी, तांत्रिक विनिर्देश २९.२४४ मध्ये दिलेली आहे. ती यूडीपी या पोच न घेणाऱ्या पद्धतीच्या ८८०५ या पोर्टवर चालते. ५जी कोअरमध्ये एसएमएफ (तेथील कंट्रोल प्लेन) आणि यूपीएफ (तेथील युजर प्लेन) यांच्यामध्येही हीच भाषा बोलली जाते, त्यामुळे पुढचे विवेचन तेथेही बहुतांशी लागू पडते.

या मार्गावर चार ठिकाणी एकाच वेळी पॅकेट पकडावीत, म्हणजे कॅप्चर घ्यावे: नॅटच्या बाहेर, नॅटच्या आत, पीएफसीपीच्या दुव्यावर आणि एमएमईकडे जाणाऱ्या एस११ दुव्यावर. चारही ठिकाणची घड्याळे एकाच वेळस्रोताशी जुळलेली आहेत याची आधी खात्री करून घ्यावी. आम्ही एकदा ती केली नव्हती, आणि जो विलंब मोजत होतो तो घड्याळांमधल्या फरकाचा होता.

मिनिटांचा उशीर: नॅटची नोंद

पहिल्या ढिगातल्या नव्हे, दुसऱ्या ढिगातल्या प्रसंगांपासून सुरुवात करावी, कारण दुकानदाराला खरा त्रास त्यांचाच होतो. बाहेरच्या कॅप्चरमध्ये सर्व्हरचे पॅकेट आलेले दिसत होते. ते टीसीपीच्या नियमाप्रमाणे वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा येत होते, पण आतल्या कॅप्चरमध्ये त्यातले एकही नव्हते. म्हणजे पॅकेट नॅटमध्येच टाकून दिले जात होते आणि पेजिंग, रेडिओ, पेटी यांपैकी कोणाचाही त्यात दोष नव्हता. नॅटच्या तक्त्यात त्या पेटीची नोंदच उरलेली नव्हती.

कारण शोधताना असे आढळले की नव्या सॉफ्टवेअरमध्ये नॅटचे एक नवे फीचर आले होते. पूर्वी सर्व टीसीपी जोडण्यांसाठी निष्क्रियतेचा एकच टाइमर असे. आता वाहतुकीचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला स्वतंत्र टाइमर देता येत होता. फीचर चांगले आहे आणि पुढे आम्ही त्याचाच उपयोग केला. पण जुना आदेश नोडने कोणतीही कुरबुर न करता स्वीकारला होता, संरचना छापून पाहिली की तो तेथे दिसतही होता, आणि तरीही प्रत्यक्षात तो कोणत्याच वर्गाला लागू नव्हता. आमच्या पेट्यांची वाहतूक कोणत्याही वर्गात न बसणाऱ्यांच्या वर्गात पडत होती आणि त्या वर्गाचे अंगभूत मूल्य ३०० सेकंद होते.

आता हिशेब सरळ आहे. पेटी दर ६०० सेकंदांनी श्वास घेते आणि नॅट ३०० सेकंदांनी तिला मृत समजते. म्हणून प्रत्येक दहा मिनिटांच्या चक्रातली शेवटची पाच मिनिटे पेटी बहिरी असते. त्या काळात पैसे आले तर संदेश नॅटच्या दारातून परत फिरतो. पुढच्या कीप-अलाइव्हच्या वेळी पेटीला उत्तर मिळत नाही, ती नवी जोडणी उघडते आणि सर्व्हरने राखून ठेवलेले संदेश एकदम तिच्याकडे येतात. अडत्याला ऐकू आलेल्या एकत्रित रकमा त्याच होत्या. उशीर पाच मिनिटांपलीकडे का जात नव्हता आणि पहाटेच्या पहिल्या पेमेंटपैकी जवळजवळ निम्मीच का अडत होती, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर याच हिशेबात आहे. दुपारी सीताबर्डीसारख्या गर्दीच्या भागात दर दोन-तीन मिनिटांनी पैसे येतात, प्रत्येक संदेशाची पोच देताना पेटी स्वतः पॅकेट पाठवते आणि नोंद ताजी राहते. तेथे दोष असूनही तो कोणाला जाणवत नाही.

कॅप्चर घेण्याची सोय नसेल तर हा दोष सर्व्हरच्या जोडणी-लॉगवरूनही ओळखता येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत स्वस्त पुरावा आहे. रात्री दोन ते चार या वेळेत एखादी स्वस्थ पेटी दर दहा मिनिटांनी, काही सेकंदांच्या फरकाने, नव्याने जोडली जात असेल, तर मधल्या वाटेवर तिची नोंद पुसली जात आहे. निरोगी पेटी रात्रभर एकच जोडणी टिकवते.

दुरुस्ती करताना दोन सोपे वाटणारे मार्ग टाळावेत. पेट्यांचा कीप-अलाइव्ह चार मिनिटांवर आणावा असा पहिला प्रस्ताव आला होता. तसे केले असते तर प्रत्येक स्वस्थ पेटी तासाला ६ ऐवजी १५ वेळा जागी झाली असती, प्रत्येक वेळी सर्व्हिस रिक्वेस्ट, बोगद्याची जोडणी आणि सोडणी झाली असती, आणि तो भार एमएमईवर पडला असता. दुसरा प्रस्ताव सर्वच वाहतुकीचा टाइमर वाढवण्याचा होता. एका सार्वजनिक आयपी पत्त्यावर १०२४ ते ६५५३५ अशी ६४,५१२ पोर्ट असतात आणि ती अनेक ग्राहकांत वाटलेली असतात. स्मार्टफोन एका पानासाठी डझनावारी जोडण्या उघडतो, त्या साऱ्या नोंदी तासन्‌तास धरून ठेवल्या तर पोर्ट संपतात आणि मग खरोखर सर्वांचाच डेटा अडतो.

आम्ही नव्या फीचरचाच आधार घेतला. पेट्यांच्या एपीएनसाठी, म्हणजे त्यांच्या सिमकार्डांना नेमून दिलेल्या डेटा-प्रवेशद्वारासाठी, वेगळा वर्ग केला आणि त्यात स्थापित टीसीपी जोडणीचा टाइमर ७,४४० सेकंद, म्हणजे २ तास ४ मिनिटे ठेवला. हा आकडा आमच्या मनाचा नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नॅटने स्थापित टीसीपी जोडणी यापेक्षा कमी काळात विसरू नये असे म्हटले आहे, कारण टीसीपीच्या स्वतःच्या कीप-अलाइव्हचा प्रचलित काळ दोन तासांचा आहे. यूडीपीवर चालणारी उपकरणे असतील तर आरएफसी ४७८७ पाहावी. तेथे किमान मर्यादा २ मिनिटांची आहे आणि शिफारस ५ मिनिटांची किंवा अधिकची आहे, म्हणून तशा उपकरणांचा कीप-अलाइव्ह मुळातच लहान ठेवावा लागतो.

नेमका दोन सेकंदांचा उशीर: फीचरची घोषणा

उरलेला ढीग तीन ते पाच सेकंदांचा होता. तांत्रिकदृष्ट्या मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कोणीही कोणतीही संरचना बदललेली नव्हती. आम्ही अपग्रेडपूर्वीची आणि नंतरची संरचना ओळीने ओळ ताडून पाहिली आणि त्यात काही सापडले नाही. तरीही आतल्या कॅप्चरमध्ये सर्व्हरचे पॅकेट एसजीडब्ल्यूच्या युजर प्लेनवर पोचल्यानंतर सेशन रिपोर्ट निघायला दर वेळी २ सेकंद लागत होते. अपग्रेड न झालेल्या दुसऱ्या नोडवर हेच अंतर काही मिलिसेकंदांचे होते. पुढे पेजिंगचा स्वाभाविक वेळ मिळवला की तीन ते पाच सेकंद होत.

उत्तर पीएफसीपीच्या असोसिएशन सेटअपमध्ये होते. दोन्ही प्लेन एकमेकांना पहिल्यांदा भेटतात तेव्हा संदेश-प्रकार ५ आणि ६ यांची देवाणघेवाण होते आणि युजर प्लेन आपल्याला काय काय येते याची बिटांची यादी पुढे करते. तो माहिती-घटक क्रमांक ४३ होय. त्याच्या पहिल्या ऑक्टेटमधला (आठ बिटांच्या गटातला) पहिला बिट कंट्रोल प्लेनमधील बफरिंगविषयीचा आहे आणि दुसरा बिट, ज्याचे लघुरूप डीडीएनडी असे आहे, डाउनलिंक डेटा नोटिफिकेशन उशिरा देण्याच्या क्षमतेविषयीचा आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा दुसरा बिट शून्य होता, नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो एक झाला होता.

या क्षमतेचा मूळ हेतू योग्य आहे. उपकरण स्वतःच जागे होऊन अपलिंक, म्हणजे नेटवर्ककडे जाणारा डेटा, पाठवते, त्याच क्षणी सर्व्हरचे उत्तर बोगदा पूर्ण जोडला जाण्यापूर्वी येऊन पोचते आणि विनाकारण पेजिंगची सूचना निघते. अशी शर्यत वारंवार होत असेल तर एमएमई एसजीडब्ल्यूला थोडे थांबायला सांगू शकते. हे मूल्य ५० मिलिसेकंदांच्या पटीत दिले जाते. आमच्या एमएमईमध्ये फार पूर्वीच्या एका चाचणीनंतर ४० हे मूल्य कायमचे राहून गेले होते, म्हणजे ४० गुणिले ५०, बरोबर २,००० मिलिसेकंद. एमएमई ते मूल्य इतकी वर्षे इमानाने पाठवत होती. कंट्रोल प्लेनला मात्र ते पुढे देता येत नव्हते, कारण समोरच्या युजर प्लेनने तशी क्षमता जाहीरच केली नव्हती. नव्या सॉफ्टवेअरने ती जाहीर केली आणि निजलेले मूल्य त्या रात्री जागे झाले.

म्हणून प्रत्येक अपग्रेडपूर्वी आणि नंतर असोसिएशन सेटअपचे कॅप्चर घेऊन घटक ४३ चे बिट शेजारी-शेजारी मांडावेत, असा माझा आग्रह आहे. कंट्रोल प्लेनकडून येणारा घटक ८९ हाही त्याच वेळी पाहावा. ही यादी रिलीज १४ मध्ये लहान होती आणि पुढील रिलीजमध्ये तिला नवे ऑक्टेट जोडले गेले, त्यामुळे पॅकेट वाचणारे साधन जुने असेल तर मागचे बिट ते उलगडून दाखवत नाही. साधन आधी अद्ययावत करावे. शून्याचा एक झालेला प्रत्येक बिट घ्यावा आणि शेजारच्या कोणत्या नोडमध्ये या क्षमतेशी संबंधित मूल्य पडून आहे ते विचारावे. एमएमई, पीसीआरएफ (धोरण आणि आकारणीचे नियम ठरवणारा नोड) आणि कंट्रोल प्लेन यांचे चमू वेगळे असतात. अपग्रेडच्या बैठकीला युजर प्लेनचाच चमू बसतो आणि हा प्रश्न तेथे कोणीच विचारत नाही. पुरवठादाराच्या प्रकाशन-टिपणात डीडीएनडीचा उल्लेख एका ओळीत होता आणि तो आम्ही वाचलाही होता. पण ते आपण चालू केलेले नाही म्हणून आपल्याला लागू नाही, असे आम्ही मानले. चालू करण्याचा अधिकार केवळ आपल्या संरचनेकडे असतो हा समज येथे चुकीचा ठरला.

दुरुस्ती एमएमईवरचे ते मूल्य शून्य करून झाली. युजर प्लेनवर बिटच बंद करण्याची सोयही होती, पण ती आम्ही वापरली नाही. रोग एका नोडवर आणि औषध दुसऱ्या नोडवर ठेवले तर पुढचा माणूस दोन्हींचा संबंध लावू शकत नाही.

तो परत का येत होता

नॅटच्या टाइमरचा दोष आम्ही पहिल्याच खेपेला अर्धवट का होईना ओळखला होता आणि चालू नोडवर आदेश देऊन मूल्य वाढवलेही होते. तरी तो दोनदा परतला. आमचा युजर प्लेन नोड कंटेनरवर, म्हणजे हवे तेव्हा टाकून नव्याने उभ्या करता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डब्यांवर, चालतो. अपग्रेड होताना जुने पॉड (अशा डब्यांचे गट) टाकून दिले जातात आणि नवे पॉड टेम्प्लेटवरून उभे राहतात. चालू नोडवर हाताने केलेली दुरुस्ती त्या टेम्प्लेटमध्ये पोचलेली नव्हती, म्हणून ती जुन्या पॉडबरोबरच नाहीशी झाली. दुसऱ्या खेपेला टेम्प्लेट बदलले गेले, पण ते एका नोडचेच, आणि राखीव नोडचे टेम्प्लेट वेगळ्या भांडारात होते.

दोन नोडमुळे आणखी एक गोंधळ झाला. सेशन उभे करताना कंट्रोल प्लेन भाराप्रमाणे दोन युजर प्लेनपैकी एक निवडते. अपग्रेड आधी एकाच नोडचे होते, त्यामुळे सुमारे अर्ध्या पेट्या आजारी आणि अर्ध्या ठणठणीत असत. दुकानदार पेटी बंद करून पुन्हा चालू करी, ती योगायोगाने दुसऱ्या नोडवर जाई आणि बरी होई. यावरून ग्राहकसेवेने पेटीच सदोष असल्याचा निष्कर्ष काढला आणि बऱ्याच पेट्या बदलूनही दिल्या. तक्रार आली की ती पेटी त्या क्षणी कोणत्या युजर प्लेनवर आहे हे तक्रारीच्या नोंदीतच लिहिले असते, तर हा दोष पहिल्या दिवशी सापडला असता. आता आमच्या तक्रार-अर्जात तो रकाना आहे.

नोड रीस्टार्ट केल्याने दोष बरा झाल्यासारखा वाटतो, त्याविषयीही सावध राहावे. रीस्टार्टनंतर सर्व जोडण्या ताज्या असतात आणि लोक दिवसाच्या गर्दीत पाहत असतात, म्हणून काही तास सारे ठीक दिसते. शिवाय रीस्टार्टमुळे पीएफसीपीचे असोसिएशन नव्याने होते आणि तपासायचा पुरावा पुसला जातो. कॅप्चर हाती येण्यापूर्वी रीस्टार्टची परवानगी देऊ नये.

पडताळणी

दुरुस्तीनंतर आम्ही परसोडीत पाच पेट्या मांडल्या. त्यांना अनुक्रमे २, ४, ६, ८ आणि २० मिनिटे स्वस्थ ठेवून एकेक रुपया पाठवला आणि ही फेरी दोन्ही नोडवर स्वतंत्रपणे, सेशन मुद्दाम त्या त्या नोडवर नेऊन पार पाडली. यातली ६ आणि ८ मिनिटांची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ३०० ते ६०० सेकंदांमधली खिडकी तीच तपासते. आपल्या पेट्यांचा कीप-अलाइव्ह वेगळा असेल तर ही अंतरे त्याप्रमाणे बदलावीत. त्यानंतर पॉड मुद्दाम पाडून टेम्प्लेटवरून नव्याने उभे राहू दिले आणि तीच फेरी पुन्हा केली. पॉड पाडून न पाहिलेली दुरुस्ती आम्ही आता दुरुस्ती म्हणून नोंदवत नाही.

शेवटची नोंद कळमना बाजारातून घेतली. अडत्यांच्या सहा पेट्यांचे जोडणी-लॉग मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत पाहिले, त्यात एकाही पेटीने रात्रभरात नवी जोडणी उघडली नव्हती. लिलाव सुरू झाल्यावर पहिल्या पेमेंटचा उशीर सहाही ठिकाणी तीन सेकंदांच्या आत होता. राखीव नोडवर ही रात्रभराची नोंद अजून घ्यायची आहे. तो नोड पुढच्या देखभालीच्या रात्री मुख्य होईल, तेव्हा ती घेतली जाईल, आणि तोपर्यंत ही तक्रार आम्ही उघडीच ठेवली आहे.